पद्माक्कांचा रुसवा

या, असं उंबऱ्यात काय उभं राहिलाय? आत या, जवळ सरकून बसा. आणि तो फोन जरा पालथा घाला बघू. समोरचं माणूस बोलतंय आणि आपला एक डोळा त्याच्याकडं, एक डोळा फोनकडं, ही कुठली रीत काढलीय तुम्ही लोकांनी? माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयातून आणि पुड्यांच्या कागदांवरून. त्यामुळं मी बोलते तसंच लिहिणार. तेही पुरतं जमत नाही. आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना 'मी आलो, मी गेलतो' असंच म्हणतो, बाप्यांसारखं. लिहायला बसलं की हात आपोआप 'आले, गेले' करायला लागतो. पद्माक्का याला हसायच्या. "वैनी, तुमी कागदावर तेवढ्या बाई हुताय बघा," म्हणायच्या.

त्यांचंच सांगायचंय.

पद्माक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. माहेर जयसिंगपूरचं, जैनाचं घर. दिवस मावळायच्या आत जेवणार, कांदा-लसूण घरात येऊ देणार नाहीत, पण मिरची मात्र असली खाणार की बघणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यावं. नवरा अकाली गेला आणि त्याची पिठाची गिरणी अक्कांनी स्वतः चालवायला घेतली. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून चढवून त्यांचा गळा असा झाला होता, की त्या कानात गुपित सांगायला लागल्या तरी मागच्या गल्लीला ऐकू जायचं. भुवयांवर कायम पीठ. काळ्या भुवयांच्या अक्का मी फक्त लग्नकार्यातच बघितल्या.

आणि धीट! आमच्या गल्लीत एकदा मोकाट वळू शिरला. रविवार होता, पेपर वाचत कट्ट्यावर बसलेले सगळे बापये चपला टाकून घरात. अक्का गिरणीतून हातात पत्र्याचं सूप घेऊन आल्या आणि वळूच्या नाकावरच हाणलं. "चल हिकडनं! बापाची गल्ली हाय व्हय तुझ्या?" वळूसुद्धा बिचारा चक्रावला, मागं फिरून गेला. मग अक्का एकेका दारापुढं जाऊन ओरडत होत्या, "या भाईर, भागूबाईंनो! गेला त्यो!"

भागूबाई हा त्यांचा लाडका शब्द. सुई बघून रडणारं पोर भागूबाई, पालीला घाबरणारे आमचे हे भागूबाई, साहेबाला बघून चळचळ कापणारा वायरमनसुद्धा भागूबाईच. माणसात सगळं चालेल, भित्रेपण चालायचं नाही, असं त्यांचं मत. "भुकेला अन्न द्यावं, आजाऱ्याला औषध द्यावं. भित्र्याला काय द्यावं? एक कानाखाली," असं म्हणायच्या आणि मोठ्यानं हसायच्या.

आता मागं वळून बघते तर काही गोष्टी दिसतात. अक्कांच्या घरात एकही वस्तू डोक्याच्या वर ठेवलेली नव्हती. माळा रिकामा. डबे, भांडी, देवसुद्धा कमरेएवढ्या उंचीवर. दसऱ्याची साफसफाई आली की त्यांना नेमकी पाठ धरायची आणि शिडीवर गल्लीतलं कुणीतरी चढायचं. पापड घालायला आम्ही सगळ्या आमच्या गच्चीवर, अक्का मात्र खाली लाट्या करत बसायच्या. "वर ऊन लई लागतंय वो मला." दिवसभर भट्टीसारख्या तापलेल्या गिरणीत उभी राहणारी बाई! पण आम्हाला काही वाटलं नाही.

गगनबावड्याला एकदा भिशीतल्या बायका जीप करून गेलो होतो. घाटाच्या तोंडाशी सगळ्या उतरल्या, खाली कोकण बघायला कठड्याशी धावल्या. अक्का जीपमध्येच डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. "उलटी याय लागलीया. तुमी जावा." मी लिंबू घेऊन गेले तर ते त्यांनी हातातच धरून ठेवलं, चाटलं नाही. तळहात मात्र थंडगार. मी म्हटलं, पित्त असेल.

मग त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, सुजाताचं लग्न झालं. स्थळ कोल्हापुरातलंच, माणसं चांगली. सासूबाई कमलताई मऊ स्वभावाच्या, पण रीतिभातीला फार जपणाऱ्या. कुणाच्या मानात उणं राहू नये म्हणून रात्र रात्र जागणारी बाई. लग्नानंतर वर्षभरात त्यांनी नवीन इमारतीत फ्लॅट घेतला. आठव्या मजल्यावर.

वास्तुशांतीला अक्का आणि मी बरोबरच गेलो. इमारतीच्या दारातच अक्का म्हणाल्या, "तुमी व्हा फुडं, मी चप्पल ठेवून आलो." वर पूजा झाली, पंगत बसायची वेळ झाली, तरी अक्का नाहीत. कमलताईंचा जीव खालीवर. मी लिफ्टनं खाली आले. बघते तर अक्का पार्किंगमध्ये वॉचमनच्या खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर आहेराची पिशवी, आणि तोंड पीठ नसतानाही पांढरं.

"अक्का, काय झालं? चला की वर."

त्यांनी माझं मनगट धरलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला वाकून ऐकावा लागला. "वैनी, मला जमत न्हाय. लिफ्टपत्तोर तीनदा जाऊन आलो. खालची जमीन निघून गेल्यागत हुतंय. पाय माझं ऱ्हात न्हाईत. ल्हानपणापासनं हाय हे."

"मग सांगूया की. लोकं समजून घेतील."

"कुणाला बोललासा तर तुमचा माझा शेजार संपला." डोळ्यांत पाणी होतं, पण बोट रोखलेलं. "वळूला हाणणारी बाई जिन्याला भ्याली म्हणून गल्ली हसंल. माझ्या लेकीच्या सासरी हसतील. मेलो तरी चालंल."

तेवढ्यात कमलताईंच्या थोरल्या जाऊबाई खाली आल्या. अक्कांना असं बाजूला, घुम्यासारखं बसलेलं बघितलं आणि आपल्यात जो अर्थ कुणीही काढेल तोच त्यांनी काढला. कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "का वो विहीणबाई, रुसलायसा व्हय? बोलावणं बरोबर झालं न्हाय की काय? मानाची साडी मनासारखी न्हाय?"

मी बघत होते. अक्कांनी एकदा वर आठव्या मजल्याकडं नजर टाकायचा प्रयत्न केला, ती अर्ध्यातूनच खाली आली. मग त्यांनी मान ताठ केली आणि म्हणाल्या, "तुमचं तुमास्नी ठावं."

झालं. तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण आमच्यात रुसलेल्या विहिणीला इज्जत असते. तिची समजूत काढायला लोक येतात, तिला हाताला धरून पाटावर बसवतात. घाबरलेल्या बाईला कोण पाटावर बसवतंय? अक्कांनी दोन्हींतलं बरं दिसणारं उचललं. एका वाक्यानं वेळ निभली आणि त्या वाक्यानं पुढं त्यांचा गळा धरला.

कमलताईंनी काय करायचं बाकी ठेवलं नाही. दुसरी साडी पाठवली, मग तिसरी. स्वतः गिरणीत आल्या, पिठाच्या धुरळ्यात खोकत उभ्या राहून म्हणाल्या, "विहीणबाई, आमचं काय चुकलं ते सांगा तरी." अक्का मान खाली घालून कुणाचं तरी जोंधळ्याचं दळण चाळत होत्या. "काय न्हाय वो. येतो की कवातरी." कमलताई गेल्यावर त्यांनी गिरणी बंद केली आणि भर दुपारी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "त्या बाईचं काय बी चुकलेलं न्हाय. आणि ती माझ्याम्होरं हात जोडून उभी हुती. मला मेल्याहून मेल्यागत झालं."

पण खरं काही सांगितलं नाही. लाज एकदा मुरली की ती लोणच्यासारखी दिवसेंदिवस जास्तच आंबते.

मग सुजाताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायचं नाही असं बजावलं. गिरणीशेजारच्या पिठाच्या हवेत तर नाहीच नाही. म्हणजे आता आईनं लेकीकडं जायचं. कमलताईंचे गुडघे गेलेले, तरी त्याच सगळं करत होत्या. सुजाताचा फोन आला तेव्हा मी अक्कांकडंच बसले होते. अक्कांचा फोन कायम मोठ्या आवाजावर, त्यामुळं पोरीचं रडणं सगळं ऐकू आलं.

"आई, तू येणार हायस का न्हाईस? सासूबाईंनी आता पाय धरायचे राहिलेत तुझे. सगळे पाहुणे त्यांना नावं ठेवतात, सुनेच्या आईचा मान राखला न्हाई म्हणून. एवढा कसला गं तुझा तोरा? मला भीती वाटतीया हितं. मला तू पायजेस."

फोन बंद झाला. अक्कांनी तळहाताचं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "लेक सांगतीया भ्या वाटतंय म्हणून. सरळ सांगतीया. आणि मी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी चष्म्याचा नंबर काढायला म्हणून गल्लीला सांगून निघालो आणि मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. "मी काय येडी हाय व्हय?" असं रिक्षातून उतरेपर्यंत चाललं होतं. डॉक्टर पोरसवदा होत्या, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी समजावलं ते मला उमजलं तेवढं सांगते. ज्याला भितो त्याच्यापासून पळालो की भीती आणखी फुगते. म्हणून थोड्या उंचीपासून सुरुवात करायची, तिथं जायचं आणि भीती चढली तरी थांबायचं. ती वर जाऊन आपोआप खाली येते, ते शरीराला कळू द्यायचं. उतरायच्या आधी पळायचं नाही. मग पुढची उंची.

"म्हंजे कुकरगत," अक्का म्हणाल्या. "शिट्टी झाली म्हणून झाकण ओढायचं न्हाय. वाफ तिची ती बसू द्यायची."

डॉक्टर हसल्या. "अगदी बरोबर. आणि डोळे मिटायचे नाहीत. वहिनींचा हात धरायचा नाही. मनात जप करत असाल तर तोही त्या वेळेपुरता नको."

इथं मात्र अक्का बिथरल्या. "णमोकार म्हणायचा न्हाय? देवाचं नाव सोडू?"

"देवाला सोडू नका हो. पण जप कशासाठी करताय, ते बघा. भीती जाणवू नये म्हणून करत असाल, तर मनाला वाटत राहतं, जप होता म्हणून वाचलो."

अक्कांनी घरी येऊन गिरणी चालू केली. संध्याकाळी देवासमोर बसून उठल्या आणि म्हणाल्या, "देवाला सांगितलं. म्हटलं, तू खालीच थांब. मी वर जाऊन येतो."

सुरुवात आमच्या गच्चीपासून. जिन्याच्या मधल्या वळणावरच त्यांचे ओठ निळे पडले. घाम असा, की पोलक्याची पाठ भिजली. मला हात पुढं करायचा नाही म्हणून मी दोन्ही हात पदराखाली बांधून उभी. बघवत नव्हतं मला. खालून कुणाची चाहूल लागली की अक्का चटकन वाकून पायरी पुसायला लागायच्या. तसल्या हालतीतसुद्धा फडकं बरोबर आणलेलं! मला हसू आलं आणि गलबलूनही आलं.

मग महाद्वार रोडवरच्या एका साडीच्या दुकानाचा वरचा मजला. तिथं गोल कठडा आहे, खालचं गिऱ्हाईक दिसतं. अक्का कठड्याला लागून बसल्या, गादीवर साड्यांचा ढीग झाला. दुकानदार शेवटी वैतागला. "मावशी, घेणार हायसा का नुसत्या बघणार?"

अक्कांच्या कपाळावर घाम. दातांवर दात ठेवून म्हणाल्या, "साडी कोण बघतंय बाबा? मी खाली बघाय लागलोय!"

तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "चष्मा नवीन हाय त्यांचा."

सगळं सरळ गेलं असं समजू नका. सुजाताच्याच इमारतीत जिन्यानं चढायचा सराव करताना चौथ्या मजल्यावर उघड्या खिडकीतून वारा आला आणि अक्का जिन्यावर चक्क बसल्या, बसल्या बसल्या पायरी पायरी घसरत खाली आल्या. एक तरणी पोरगी वर जात होती, ती फोनवर बोलता बोलता थांबून बघत राहिली. अक्कांनी पदरानं तोंड झाकलं. घरी आल्यावर चार दिवस गिरणी उघडली नाही. मी दार वाजवलं तर आतून आवाज, "भागूबाई मेली म्हणून सांगा!" डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, होतं असं, तिसऱ्या मजल्यावर परत या आणि पुन्हा सुरू करा. पाचव्या दिवशी गिरणीचा पट्टा फिरायला लागला तेव्हा मी समजले.

आणि मग एका सकाळी, सुजाताला नववा लागायच्या आत, अक्का लिफ्टनं आठव्या मजल्यावर गेल्या. मी शेजारी. लिफ्ट चालू होती तोवर त्यांच्या घशातून नुसता वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखा बारीक कण्हण्याचा आवाज येत होता, तो त्यांना ऐकूही येत नसावा. दार उघडलं. सुजाता पलंगावरून "आई!" म्हणून ओरडली आणि अक्कांनी तिचं डोकं पोटाशी घेतलं. मला वाटलं, झालं, सुटली बाई.

पण कमलताई तबक घेऊन आल्या. हळदीकुंकू, नारळ, नवी साडी. पाट मांडला, वाकून म्हणाल्या, "राग सोडलासा, लई उपकार झाले विहीणबाई." अक्कांनी तोंड उघडलं. मिटलं. पाटावर बसल्या आणि ओटी घेतली. अक्कांच्या तोंडाकडं मला बघवेना. उंचावर जाताना जसा रंग उडायचा, तसाच उडाला होता.

त्यानंतर अक्का रोज जायच्या, लेकीचं सगळं करायच्या. कमलताई त्यांना पहिला चहा द्यायच्या, पहिलं वाढायच्या, मीठ बरोबर आहे का विचारायच्या, पुन्हा कुठं दुखावतील म्हणून शब्द जपून बोलायच्या. "वैनी," अक्का मला म्हणाल्या, "त्या आदरानं मला भाजून काढलंय. आठवा मजला परवडला."

मुलगी झाली, गोरी, गुबगुबीत. बारशाला घर बायकांनी भरलं. पाळणा सजवला होता, घुगऱ्यांचा वास सुटलेला. अक्का पाळण्याजवळ उभ्या होत्या. तेवढ्यात त्या थोरल्या जाऊबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कमल, ह्या खेपेला तरी विहीणबाईंचा मान नीट केलायस न्हवं? न्हायतर परत पार्किंगात बसतील!"

बायका हसल्या. कमलताईंनी खाली मान घातली. ती मान खाली गेलेली अक्कांनी बघितली, आणि गिरणीवरचा तो आवाज त्या दिवाणखान्यात फुटला.

"त्यांनी मानात काय बी कमी केलं न्हवतं! मी रुसलो न्हवतो. मी भ्यालो हुतो."

सगळ्यांच्या माना वळल्या. पाळण्यातली पोरगीसुद्धा दचकली.

"उंचीला भितो मी. ल्हानपणापासनं. वर यायला पाय उचलंना, म्हणून खाली बसलो. तुमी रुसला का म्हणलासा, मी तसंच समजू दिलं. लाज वाटली म्हणून. ह्या बाईनं माझ्यापायी वरीसभर बोलणी खाल्ली. ऐकलं का सगळ्यांनी? का परत सांगू?"

जाऊबाई तोंडाला पदर लावून फिस्सकन हसल्या. "अगं बाई, एवढी गिरणीवाली बाई, नि लिफ्टला भ्याली!" मग एकीला हसू फुटलं, मग दुसरीला. ज्या हसण्याला भिऊन अक्कांनी वर्षभर तोंड लपवलं, ते सगळं हसू त्या दिवशी खोलीभर फिरलं. अक्का हलल्या नाहीत. कान लालभडक झालेले, हात पाळण्याच्या दोरीवर, आणि उभ्याच्या उभ्या. हसणं वर गेलं, आणि मग घुगऱ्या वाटायला लागल्या तसं विरून गेलं.

कमलताई मात्र हसल्या नाहीत. पाहुणे जाईपर्यंत हसतमुखानं सगळ्यांना घुगऱ्यांची वाटी देत राहिल्या. शेवटची बाई गेल्यावर गॅलरीचं दार सरकवून बाळाची दुपटी काढायला बाहेर गेल्या. ती गॅलरी म्हणजे अक्कांनी कधी न बघितलेली जागा. आत आल्या की पहिल्यांदा त्या तिकडचा पडदा ओढून घ्यायच्या. आणि आज कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बरोबर नव्हतं, त्या पडदा बाजूला करून कमलताईंच्या मागं बाहेर गेल्या. भिंतीला पाठ घासत घासत खाली बसल्या.

मी आतून पिशवी आवरत होते, तिथून दोघी दिसत होत्या.

"मला सांगितलं असतंसा," कमलताई पाठ वळवूनच म्हणाल्या, "तर मी खाली आलो असतो की. पंगत पार्किंगात मांडली असती. जीव टाकून तुमास्नी विचारत हुतो मी."

"व्हय."

"लोकांनी मला कंजूष म्हटलं. सुनेसमोर."

"व्हय वो. माझंच चुकलं."

दुपट्याचा चिमटा निघाला, परत लागला. मग कमलताईंनी मान वळवून अक्कांच्या तोंडाकडं बघितलं.

"भ्या वाटतंय?"

"वाटतंय की."

"मग आत जावा."

"न्हाय. तुमचा राग जाईस्तोवर हितंच बसतो."

"माझा राग आज जायाचा न्हाय."

"मग उद्यापत्तोर बसतो."

कमलताईंनी दोरीवरची अर्धी दुपटी काढून अक्कांच्या मांडीत टाकली आणि उरलेली घेऊन कठड्याच्या बाजूला, अक्का आणि ती मोकळी हवा यांच्या मधोमध बसल्या. दोघी घड्या घालायला लागल्या. अक्कांच्या घड्या वाकड्या येत होत्या. कमलताई त्या मुकाट्यानं उलगडून परत घालत होत्या. मी हाक न मारताच निघाले.

पुढं जावयाची बदली पुण्याला झाली. सगळे गेले, आणि लेक म्हणाली म्हणून अक्काही गेल्या. गिरणी दुसऱ्याला दिली. आता बारावा मजला आहे म्हणे. फोनवर ओरडून सांगतात, "अजून भितो वो वैनी, पण जातो!" शेजारच्या घराला मात्र कुलूप. सकाळी भिंतीपलीकडून कुणी हाक मारत नाही, आणि मी सवयीनं अक्कांच्या कपाचंही आधण ठेवते नि मग तेवढं पाणी काढून टाकते.

म्हणून म्हणते, आज कागदावर आलात तसं तुम्ही तरी घरीही या. आमचं घर तळमजल्यावरच आहे, जिना चढायचा नाही. उशीर का झाला म्हणून मी रागावणार नाही, आणि काही सांगायला लाज वाटत असेल तर ते चहा झाल्यावर सांगितलं तरी चालेल. पण लवकर या.